ओळख पटविण्याचा भार कोणी वाहावा?



मतदानाच्या दिवशी मतदाराने आपली ओळख पटविणारा सरकारी कागद दाखविलाच पाहिजे काय, आणि जवळ तो कागद नसेल तर त्याला मत न देता घरी पाठवावे काय, या प्रश्नावर अमेरिकेत गेली वीस वर्षे तीव्र वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो की, खोट्या नावाने मत टाकणारा एकही माणूस आत शिरू नये. दुसरा पक्ष म्हणतो की, खरा मतदार असलेला एकही माणूस बाहेर राहू नये. वरवर पाहता दोन्ही म्हणणी योग्य वाटतात. म्हणूनच हा वाद घोषणांनी सुटणारा नाही. तो विचाराने सोडवावा लागेल.

सातासमुद्रापलीकडच्या या वादाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जुना आहे. पूज्य बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे 1946 साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज करण्यात आला होता, त्याच्या प्रती त्यांनी मागविल्या आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले. डुबॉइस यांनीही आस्थेने उत्तर दिले. ज्या समाजाची वेदना बाबासाहेबांना आपल्या वेदनेच्या जवळची वाटली, त्या समाजाच्या मताधिकाराचा इतिहास आपण जाणून घेतला पाहिजे. तो आपल्यालाही सावध करणारा आहे.

हक्क दिला, पण दार लावून घेतले

अमेरिकेत 1865 साली गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. 1870 सालच्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णाच्या कारणास्तव कोणाचाही मताधिकार हिरावून घेता येणार नाही, असे ठरले. कागदावर हक्क पूर्ण झाला. परंतु दक्षिणेकडील राज्यांनी तो हक्क निष्फळ करण्याचे मार्ग लवकरच शोधून काढले. मिसिसिपी राज्याने 1890 साली नवी राज्यघटना केली आणि मतदाराला परीक्षा लावली. राज्यघटनेतील एखादे कलम वाचावे किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगावा, अशी ती परीक्षा होती. कलम कोणते द्यावयाचे हे नोंदणी करणारा अधिकारी ठरवी. अर्थ बरोबर की चूक, हेही तोच ठरवी. गोऱ्याला सोपे वाक्य मिळे, काळ्याला कायदेपंडितही अडखळेल असा परिच्छेद मिळे. जोडीला मतकर होता. कर भरल्याची पावती नसेल तर मत नाही. काही राज्यांनी तर ज्यांचे वाडवडील कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळण्यापूर्वीच्या काळात मतदार होते त्यांना परीक्षा माफ केली. गुलामाचा नातू अशा सवलतीत बसणार तरी कसा? ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने 1915 साली रद्द केली. पण परीक्षा आणि कर पुढे पन्नास वर्षे टिकले.

वाचकहो, या सर्व नियमांतील एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांपैकी एकातही ‘काळ्या माणसाने मत देऊ नये’ असे शब्द नव्हते. शब्द सर्वांना सारखे होते; भार मात्र एकाच समाजावर पडत होता. आपल्याकडे तर पाणवठ्यावर पाटी नसली तरी कोणाला पाणी मिळावयाचे नाही हे सर्वांना ठाऊक असे. लिहिलेल्या शब्दांपेक्षा अंमल कोणावर कसा होतो, हे पाहण्याची दृष्टी आपल्याला अनुभवानेच आली आहे.

त्या अन्यायाविरुद्ध मोठा लढा झाला. 7 मार्च 1965 रोजी अलाबामातील सेल्मा गावच्या पुलावर मताधिकारासाठी निघालेल्या शांत मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मताधिकार कायदा संमत झाला. मिसिसिपीत तोवर कृष्णवर्णीय प्रौढांपैकी शेकडा सातांहून कमी लोकांची नावे मतदार म्हणून नोंदलेली होती. 1967 साली तेच प्रमाण शेकडा साठाच्या जवळ पोहोचले. दोन वर्षांत लोक बदलले नाहीत, त्यांची योग्यता वाढली नाही. फक्त दाराशी बसलेला पहारेकरी बाजूला झाला. त्या कायद्याचे एक मोठे बळ असे होते की, भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना मतदानाच्या नियमांत बदल करण्यापूर्वी केंद्र सरकारची किंवा न्यायालयाची परवानगी घ्यावी लागे. बदल निरुपद्रवी आहे हे राज्याने सिद्ध करावयाचे होते. पुराव्याचा भार बलवानावर होता.

नव्या काळातील कागद

आता अलीकडच्या काळाकडे वळू. इंडियाना राज्याने 2005 साली मतदान केंद्रावर छायाचित्राचे सरकारी ओळखपत्र सक्तीचे केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्याच्या इतिहासात दुसऱ्याच्या नावाने केंद्रावर येऊन मत टाकल्याचा एकही पुरावा न्यायालयापुढे नव्हता, हे न्यायालयाच्या निकालातच नमूद आहे. तथापि 2008 साली न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कायदा वैध ठरविला. निकालानंतर काही दिवसांतच त्या राज्यातील साउथ बेंड येथे प्राथमिक निवडणुकीचे मतदान झाले. कॅथलिक मठातील सुमारे बारा वृद्ध नन मत देण्यास आल्या. कोणी ऐंशी वर्षांच्या, कोणी नव्वदी ओलांडलेल्या. त्यांच्याजवळ चालू मुदतीचे ओळखपत्र नव्हते. त्यांना परत पाठविणारी केंद्रावरील कर्मचारीही त्याच मठातील नन होती. ती त्यांना रोज पाहत होती, नावानिशी ओळखत होती. कायदा मात्र त्यांना ओळखत नव्हता.

पुढे 25 जून 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मताधिकार कायद्यातील पूर्वपरवानगीची व्यवस्था निष्प्रभ केली. त्याच दिवशी टेक्सास राज्याने आपला अडवून ठेवलेला ओळखपत्र कायदा लागू होत असल्याचे जाहीर केले. या कायद्यात शस्त्र बाळगण्याचा परवाना ओळखपत्र म्हणून चालत होता. सरकारी विद्यापीठाच्या विद्यार्थ्याचे ओळखपत्र चालत नव्हते. कोणाच्या खिशात कोणता कागद असतो, याचा हिशेब मांडून यादी केली की काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. राज्याच्या 254 परगण्यांपैकी सुमारे ऐंशी परगण्यांत वाहन परवाना देणारे कार्यालयच नव्हते. खटल्यात न्यायालयाने असे नमूद केले की, सुमारे सहा लाख नोंदलेल्या मतदारांजवळ मान्य कागदांपैकी एकही नव्हता. आणि ज्या रोगावर हे औषध होते तो रोग किती? कायद्यापूर्वीच्या दहा वर्षांत पडलेल्या सुमारे दोन कोटी मतांमागे केंद्रावर तोतयेगिरी केल्याबद्दल शिक्षा झालेली प्रकरणे दोन. पुढे 2016 साली अपील न्यायालयाने या कायद्याचा परिणाम भेदभावाचा होतो असे ठरविले, आणि ओळखपत्र नसलेल्यास प्रतिज्ञापत्रावर मत देण्याची वाट राज्याला मोकळी करावी लागली.

उत्तर कॅरोलायनाची गोष्ट याहून बोलकी आहे. तेथील विधिमंडळाने 2013 सालचा कायदा करण्यापूर्वी कोणत्या वर्णाचे लोक मतदानाच्या कोणत्या पद्धती किती वापरतात, याची आकडेवारी मागविली होती. नंतर कायद्याने नेमक्या कृष्णवर्णीयांच्या अधिक वापरातील सोयी कमी केल्या. जुलै 2016 मध्ये अपील न्यायालयाने भेदभावाचा हेतू असल्याचे सांगून तो कायदा रद्द केला. कॅन्सस राज्याने तर मतदार होण्यासाठीच नागरिकत्वाचा कागद मागितला. परिणामी सुमारे 31 हजार अर्जदारांची नोंदणी अडली. त्याउलट एकोणीस वर्षांत परकीय नागरिकाचे नाव यादीत शिरल्याची प्रकरणे 39 पेक्षा अधिक सिद्ध होऊ शकली नाहीत. 2018 साली न्यायालयाने ती अट फेटाळली आणि 2020 साली अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. मूठभर चोर पकडण्यासाठी गावाची वेस बंद केली, आणि आपलेच गावकरी बाहेर राहिले, असा हा प्रकार होय.

प्रतिपक्षाचे खरे म्हणणे

परंतु एकाच बाजूचे ऐकून निर्णय देणे आपल्याला शोभणार नाही. ओळखपत्राचा आग्रह धरणारे सगळेच कपटी आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. माजी अध्यक्ष जिमी कार्टर आणि माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या नेतृत्वाखालील आयोगाने 2005 साली छायाचित्राच्या ओळखपत्राची शिफारस केली होती. अमेरिकेतील बहुसंख्य जनतेला ही अट मान्य असल्याचे पाहण्यांतून वारंवार दिसले आहे. उत्तर कॅरोलायनातही 2018 साली मतदारांनीच ही अट राज्यघटनेत घातली. शिवाय 2021 साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2008 ते 2018 या काळातील निवडणुकांचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. कडक ओळखपत्र कायद्यांमुळे एकूण मतदान किंवा नोंदणी लक्षणीय घटल्याचे त्यांना आढळले नाही; कोणत्याही एका वर्णाच्या बाबतीतही आढळले नाही. हा निष्कर्ष आपल्याला सोयीचा नसेल, पण तो झाकून ठेवता येत नाही. मात्र त्याच अभ्यासात असेही दिसले की, या कायद्यांमुळे गैरप्रकार कमी झाल्याचीही खूण नाही.

यावर आमचे उत्तर असे आहे. मताधिकार हा टक्केवारीचा हक्क नाही. तो एकेका माणसाचा हक्क आहे. शंभरांपैकी नव्व्याण्णवांनी मत दिले म्हणून शंभराव्याला परत पाठविण्याचे समर्थन होत नाही. एकूण मतदान घटले नाही याचे श्रेय पुष्कळदा रात्रंदिवस दारोदार फिरून लोकांना कागद मिळवून देणाऱ्या कार्यकर्त्यांकडेही जाते. पीडिताने दुप्पट कष्ट करून अडथळा ओलांडला, म्हणून अडथळा घालणारा निर्दोष ठरत नाही.

आणि कार्टर-बेकर आयोगाच्या शिफारशीचा उरलेला अर्धा भाग कोणी वाचला? ओळखपत्र विनामूल्य द्यावे, राज्याने पुढाकार घेऊन फिरती कार्यालये काढावीत आणि ज्यांच्याजवळ परवाना नाही त्यांच्यापर्यंत स्वतः जावे, असे त्या आयोगाने सांगितले होते. बहुतेक राज्यांनी अट उचलली आणि जबाबदारी टाकून दिली. अलाबामाने आधी ओळखपत्र सक्तीचे केले, आणि 2015 साली काटकसरीच्या नावाखाली 31 परवाना कार्यालये बंद करण्याचे जाहीर केले. त्यांतील अनेक कृष्णवर्णीयबहुल परगण्यांत होती. मोठा निषेध झाल्यावर ती अंशतः पुन्हा उघडावी लागली.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. ओळख विचारणे हा अन्याय नव्हे. परंतु जो ओळख मागतो, त्यानेच ती मतदाराच्या हाती फुकट आणि घराजवळ दिली पाहिजे. कागद मिळेपर्यंत मत अडता कामा नये. शंका असेल तर शंका घेणाऱ्याने ती सिद्ध करावी. ही तीन बंधने पाळली तर ओळखपत्र मतदाराचे संरक्षण करते. ती मोडली तर तेच ओळखपत्र मतकराची पावती बनते. 1966 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियाचा दीड डॉलरचा मतकर रद्द केला, तो दीड डॉलर मोठा होता म्हणून नव्हे. माणसाच्या पैशाचा त्याच्या मतदार असण्याशी काही संबंध नाही, हे ते तत्त्व होते. जन्माच्या दाखल्यासाठी बुडालेली मजुरी आणि एस. टी.चे भाडे यांनाही तेच तत्त्व लागू आहे.

आपल्या देशातील यादी

हाच मापदंड आता आपल्या देशाला लावून पाहू. मतदानाच्या केंद्रावर भारताची पद्धत अमेरिकेतील कडक राज्यांपेक्षा उदार आहे, हे मान्य केले पाहिजे. छायाचित्राचे मतदार ओळखपत्र 1993 पासून सुरू झाले. ते जवळ नसल्यास 2024 च्या लोकसभा निवडणुकीत निवडणूक आयोगाने आधार कार्ड, रोजगार हमीचे जॉब कार्ड, बँकेचे किंवा पोस्टाचे छायाचित्र असलेले पासबुक, निवृत्तिवेतनाचा कागद असे अनेक पर्याय मान्य केले होते. टेक्सासने बंदूकवाल्याचा कागद मानला. भारताने मजुराचा मानला. हा फरक लहान नाही.

पण आपल्याकडे खरे दार केंद्रावर नाही. ते मतदार यादीत आहे. यादीत नाव नसेल तर हातातील ओळखपत्राचा उपयोग शून्य. म्हणून अमेरिकेत जो झगडा केंद्राच्या दाराशी होतो, तो आपल्याकडे यादीच्या पानावर होतो.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. इंग्रजी अमदानीत शेतसारा, घरभाडे, प्राप्तिकर यांच्या आधारावर मताधिकार मिळे. 1919 साली साउथबरो समितीपुढे दिलेल्या साक्षीत त्यांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराच्या अटी शिथिल करण्याची मागणी केली, आणि 1928 साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी मांडली. संविधानाच्या 326 व्या कलमाने ती मागणी देशाचा कायदा झाली. इतकेच करून ते थांबले नाहीत. 15 जून 1949 रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी सांगितले की, काही प्रांतांत वंशाने, संस्कृतीने वा भाषेने आपले न वाटणाऱ्या लोकांची नावे यादीत घेऊ नयेत, अशा सूचना अधिकाऱ्यांना दिल्या जात असल्याच्या तक्रारी आल्या आहेत. म्हणूनच निवडणुकांचे काम प्रांतिक सरकारांच्या हातून काढून एका केंद्रीय आयोगाकडे देण्याची तरतूद त्यांनी पुढे मांडली. निवडणूक आयोगाच्या जन्मामागे यादीतून माणसे गाळली जाण्याची भीती होती, हे आयोगाने आणि आपणही विसरता कामा नये.

पहिल्याच यादीने त्या भीतीची साक्ष दिली. 1951-52 च्या निवडणुकीच्या वेळी सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न देता अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगितले होते. ज्या समाजाने स्त्रीला नाव उच्चारण्याची मुभा दिली नाही, त्याच्या चुकीची शिक्षा स्त्रीला झाली.

अलीकडे बिहारमध्ये जे घडले तेही ध्यानात घ्या. जून 2025 मध्ये आयोगाने तेथे मतदार यादीची विशेष सखोल फेरतपासणी सुरू केली. 2003 च्या यादीत ज्यांची नावे नव्हती त्यांच्याकडून अकरा प्रकारच्या कागदांपैकी एक मागण्यात आला. गरिबाच्या घरी हमखास सापडणारे आधार कार्ड आणि शिधापत्रिका त्यांत नव्हती. फेरतपासणीपूर्वी 7 कोटी 89 लाख मतदार होते. 1 ऑगस्टच्या प्रारूप यादीत 7 कोटी 24 लाख उरले. मृत, स्थलांतरित आणि दुबार नोंदलेली नावे काढली, असे आयोगाचे म्हणणे होते. याद्या शुद्ध करणे हे आयोगाचे कामच आहे. मेलेल्यांची नावे यादीत राहावीत असे कोणी म्हणणार नाही. परंतु कोणाचे नाव का गेले हे आधी लोकांपुढे आले नाही. 14 ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने वगळलेल्या सुमारे 65 लाख नावांची यादी कारणांसह प्रसिद्ध करण्यास सांगितले, आणि 8 सप्टेंबर रोजी आधार कार्ड हा ओळखीचा बारावा कागद म्हणून स्वीकारण्याचा आदेश दिला. कारण सांगितल्याशिवाय नाव वगळणे म्हणजे आरोप न सांगता शिक्षा देणे होय. याच न्यायालयाने 1995 साली लालबाबू हुसेन प्रकरणात असे सांगितले होते की, ज्याचे नाव यादीत आधीच आहे त्याला संधी न देता, कागदपत्रे न पाहता परका ठरविता येणार नाही.

आपण काय करावे

वाचकहो, तत्त्व कितीही शुद्ध असले तरी ते आपोआप अमलात येत नाही. सरकारने भार उचलावा अशी मागणी करीत असतानाच आपण आपल्या घरातील नावे राखली पाहिजेत.

धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी एक गोष्ट निःशंकपणे जाणावी. धर्मांतराने मताधिकारास कोणतीही बाधा येत नाही. संविधानाचे 325 वे कलम धर्म, वंश, जात वा लिंग यांवरून कोणालाही यादीबाहेर ठेवू देत नाही. परंतु दीक्षेनंतर कित्येकजण स्वतःचे किंवा मुलांचे नाव बदलतात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि मतदार यादीत तिसरे अशी स्थिती होते, आणि कडक तपासणीच्या दिवशी हीच विसंगती अडवणुकीचे निमित्त ठरते. म्हणून नाव बदलल्यावर यादीतही ते नमुना 8 भरून दुरुस्त करून घ्यावे. पत्ता बदलल्यासही तोच नमुना आहे. नव्या मतदाराने नमुना 6 भरावा. लग्न होऊन आलेल्या सुनेचे माहेरचे नाव कमी झाले आणि सासरी चढले नाही, असे होऊ देऊ नये. तिचे नाव तिच्या स्वतःच्या नावाने लागले आहे ना, हे घरातील पुरुषांनी नव्हे, तिने स्वतः पाहावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या मराठवाड्यातील बांधवांना विशेष सांगणे आहे. 20 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभेचे मतदान झाले, तेव्हा ऊसतोडीचाच हंगाम होता. तात्पुरते गाव सोडल्याने माणूस त्या गावचा रहिवासी राहत नाही असे होत नाही. 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा हे स्पष्टपणे सांगतो. घराला कुलूप दिसले म्हणून ‘स्थलांतरित’ असा शेरा पडत असेल, तर त्यास हरकत घ्यावी. नाव कमी करण्यापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी मिळणे हा आपला कायदेशीर हक्क आहे. नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसल्यास पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. प्रारूप यादी लागते त्या आठवड्यात प्रत्येक विहारात ती एकदा मोठ्याने वाचली जावी. शिकलेल्या तरुणांनी एवढे केले, तरी वस्तीतील एकही नाव नकळत गळणार नाही. आणि वाचताना शेजारच्या वस्तीचे, पारध्याच्या पालाचे, मुसलमान मोहल्ल्याचे पानही वाचावे. ज्याच्या बाजूने कोणी बोलत नाही त्याचे नाव पहिल्यांदा जाते, हे अमेरिकेचा आणि आपला इतिहास एकमुखाने सांगतो.

ज्या देशात शतकानुशतके माणसाला त्याच्या जातीने ओळखले गेले, त्या देशात मतदार यादीत जातीचा रकाना नाही. तेथे फक्त माणसाचे नाव आहे, आणि प्रत्येक नावापुढे एकच मत आहे. एवढी समता आपल्या गावाच्या दुसऱ्या कोणत्याही कागदावर सापडणार नाही. ती ज्यांनी मिळवून दिली त्यांनी ती राखण्याचे काम आपल्यावर सोपविले आहे. पुढची यादी लागेल तेव्हा आपले नाव आपण स्वतः जाऊन पाहा, आणि शेजाऱ्याचेही पाहा.